अप्पांना कुणी चालू देत नव्हतं

जळकोटच्या महादेवअप्पांचा राजीनामा मेलवर आला, तेव्हा मी कंपनीच्या स्टेप चॅलेंजची यादी ग्रुपवर टाकत होते. यादीत अप्पा सगळ्यांत खाली होते. मेल दोन ओळींचा. वैयक्तिक कारणामुळे नोकरी सोडत आहे, नोटीस पिरियड पूर्ण करेन.

मी एचआर बघते. आमची कंपनी विम्यासाठी आलेले दवाखान्यांचे कागद तपासते. पूर्वी धाराशिवला एका हॉलमध्ये आम्ही सगळे बसायचो. करोनात लोक घरी गेले आणि नंतर हॉलच सोडून दिला. आता जिल्ह्यातच कुणी वाशीला, कुणी बेंबळीला आपापल्या घरात लॅपटॉप उघडतं. एकमेकांची ओळख फक्त 'क्वेरी'पुरती. क्वेरी म्हणजे कागदात काही जुळलं नाही, की सहकाऱ्याला पाठवायची शंका. माणसं तुटत चालली आहेत हे पुण्यातल्या साहेबांच्याही लक्षात आलं आणि हुकूम सुटला, वेलनेस करा. लोकांची तब्येत आणि मन ठीक राहावं म्हणून कंपनी जे काही करते, ते वेलनेस. आमच्या वाट्याला एक ॲप आलं. फोन खिशात ठेवून चालायचं, ॲप पावलं मोजणार. ज्याची सगळ्यांत कमी, त्याच्या नावापुढं कासव. ते कासव मीच निवडलं होतं. मला ते गोड वाटलं होतं.

अप्पांच्या नावापुढं ते आठ दिवस होतं. त्यांची बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला हे माहीत होतं, तरी रोज यादी टाकताना एकदाही डोक्यात आलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

साहेबांनी लगेच फोन केला. "रिप्लेसमेंट बघायची का?"

"नोटीसचा महिना आहे, सर. आधी भेटून येते."

"त्यासाठी जळकोटला कशाला जाता? व्हिडिओ कॉल करा."

"व्हिडिओवर सगळेच 'मी बरा आहे' म्हणतात," मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी एसटी पकडली.

अप्पा स्टँडवर उभे होते. बावन्न वर्षांचे, पांढरा शर्ट, कपाळावर विभूती. "कशाला आलाव मॅडम येवढ्या लांब?" एवढंच म्हणाले. मी आधी कासवाची माफी मागितली.

"कासवाचं काय न्हाय ओ. पावलं कमी हायेत हे खरंच हाय. म्या रोज निघतो. पन कुणी चालूच देत न्हाय."

मला वाटलं, बहाणा आहे. आम्ही त्यांच्या घराकडं चालायला लागलो. शंभर पावलं झाली नसतील, एक मोटारसायकल थांबली. "बसा अप्पा, सोडतो." त्याला कसंबसं लावून दिलं, तर दुसरी थांबली. मग एक जीप आली. जीपवाल्यानं खाली उतरून दारच उघडलं. आता नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. मुकाट बसलो. गावात बिनकामाचं कुणी चालत नाही. जो चालतोय त्याची काहीतरी अडचण आहे, असंच लोक धरून चालतात. त्यातून बायको गेल्यापासून अप्पांवर तर सगळ्या गावाचं लक्ष होतं.

घरापाशी सोडून जीप गेली. अप्पा कुलपापाशी किल्ली घेऊन तसेच उभे राहिले. "मायेनंच करतेत सगळे. पन आणून सोडतेत कुठं? घरीच. घरात बसवत न्हाय म्हणून तर निघतो, मॅडम."

"आणि राजीनामा?"

"पोरगा पुण्याला बोलवतोय. तिथंबी दोघं नवरा-बायको दिवसभर बाहेरच. पन हितं दिवसभर दवाखान्याचे कागद वाचायचे आन् संध्याकाळी भिंतीकडं बघायचं. दोनातलं एक तरी कमी करावं म्हनलं."

त्यांनी चहा केला. साखर जास्त झाली होती, तरी मी दोन कप प्याले.

परत निघाले तेव्हा ते स्टँडपर्यंत पोचवायला आले. वाटेत मुलाचा फोन आला. अप्पा बोलत बोलत चालत होते. समोरून मोटारसायकल आली, हळू झाली. चालवणाऱ्यानं अप्पांच्या कानाला लावलेला फोन बघितला, हात वर केला आणि निघून गेला. पुढच्या दोन गाड्याही तशाच गेल्या. स्टँडपर्यंतचा सगळा रस्ता आम्ही चालत आलो. एसटीत बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोनवर असलेल्या माणसाला कुणी 'बसा' म्हणत नाही.

घरी येऊन पहिल्यांदा कासव काढलं. मग जोड्या लावल्या. दोघांनी आपापल्या गावात चालायचं आणि चालताना एकमेकांशी फोनवर बोलायचं. अप्पांच्या जोडीला वाशीचे रहीमभाई दिले. ते हॉल सुटल्यानंतर नोकरीला लागलेले, त्यामुळं दोघांनी एकमेकांचं तोंडही बघितलेलं नव्हतं. रहीमभाईंच्या घरात अकरा माणसं. ते खूश झाले. "बिलकुल चालतो मॅडम. घरात फोनवर बोलायला कोपराबी न्हाय मला."

वेळ ठरली संध्याकाळी साडेसहा. पहिला आठवडा दोघं क्वेरीवरच बोलले. मग सोयाबीनवर आले, मग रहीमभाईंच्या मुलींच्या शाळेवर. नोटीसचे शेवटचे दिवस चालू झाले. अप्पा राजीनाम्याबद्दल काही बोलेनात, मीही विचारलं नाही. आणि एका संध्याकाळी रहीमभाईंचा फोन आला.

"मॅडम, आज आमी चाललोच न्हाय. तुमी पावलं बघून विचारताल, म्हणून आधीच सांगतो."

"का, काय झालं?"

"अप्पा रस्त्यात उभे राहिले आन् भाभींच्या शेवटच्या दिवसांचं सांगायला लागले. दवाखान्यात काय काय झालं, समदं. मीबी उभा राहिलो. चालत चालत ऐकायची गोष्ट नव्हती ती." "बरं केलंत," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी अप्पांचा मेल आला. "मॅडम, राजीनामा रद्द करावा. सध्या पुण्याला जात नाही. संध्याकाळी साडेसहाला मला फोन असतो."

महिन्याच्या रिपोर्टमध्ये सगळ्या जोड्यांत या दोघांची पावलं सर्वांत कमी भरली. साहेबांनी कारण विचारलं. मी लिहिलं, ही जोडी मधेमधे थांबते, आणि थांबू द्यावं.

आता वेलनेसच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवला आहे, 'संध्याकाळी कुणाशी बोलता?' बहुतेक जण घाईनं काहीतरी भरतात. ज्याचा रकाना रिकामा येतो, त्याला मी फोन करते. पावलं त्यानंतर बघते.