दहलच्या तोंडाशी काढलेल्या चपला

आई महिनाभरासाठी गावाहून दोह्याला आली होती. नवऱ्याच्या गोऱ्या साहेबांनी शुक्रवारी आपल्या गाडीतून फिरवून आणतो म्हटलं आणि मी हुरळून गेले. सकाळपासून आईला बजावत होते, "मोठ्यानं बोलू नकोस, नीट वाग." ती आपली "बरं बाई" म्हणत राहिली.

माळरानात एकदम जमीन दुभंगावी तसं ते चुनखडीचं विवर. इकडे त्याला दहल म्हणतात. वरून डोकावलं की दगडांची उतरण खाली अंधारात जाते आणि थंडगार वारा तोंडावर येतो. आईनं तिथेच चपला काढल्या, पदर खोचला, कनवटीची हळदकुंकवाची पुडी सोडून चिमूटभर दगडाला वाहिली.

"अगं आई, इथं देवबीव कुणी नाही!"

"नसू दे. धरणीच्या पोटात उतरायचं, ते काय पायताण घालून?"

आणि उतरायलाही लागली, अनवाणी, माझ्या लेकीचा हात धरून. साहेबांच्या बायकोनं विचारलं, ह्या काय करतायत? सरळ सांगायचं, की आमच्यात अशी रीत आहे. पण मेली जीभ माझी! मी इंग्रजीत म्हणाले, "खेडवळ आहे हो, कुठलंही भोक दिसलं की हात जोडते." ती दोघं हसली. मीसुद्धा हसले, त्यांच्याहून मोठ्यानं.

विवरात ते हसू चांगलंच घुमलं. आई खाली थबकली. तिनं नातीला विचारलेलं मला वर स्पष्ट ऐकू आलं, "काय गं म्हणाली तुझी आई?"

लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर कायम इंग्रजीत. त्यावरून मी तिला रोज फैलावर घेते. तिनं वर माझ्याकडे पाहिलं. मग अडखळत, एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली, "आजी, मम्मा म्हणाली... माझी आई खूप शूर आहे."

लाज वाटली हो, इतकी की साहेबांकडे बघवेना, लेकीकडे तर नाहीच. आईच्या चपला उचलून मी नुसती उभी राहिले.

खालून आईचा आवाज आला, नातीला समजावणारा, "मग? लेक आहे माझी. मला वाईट कशाला बोलेल?"