मेश्रामकाकांचा निरंक

कागदावर ‘निरंक’ लिहायची वेळ आली की मेश्रामकाका पायात चपला घालायचे. निरंक म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. कचेरीत याच्याइतका सोयीचा शब्द दुसरा नसेल. आम्ही तो लिहून मोकळे व्हायचो, ते आधी बघायला बाहेर पडायचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगर परिषदेच्या कर विभागात ते मुख्य लिपिक होते आणि मी नवाकोरा कारकून.

कापसाचे भाव पडल्याची ती वर्षं. गावात पैसा फिरेना, वसुली होईना, म्हणून करवाढीचा आराखडा निघाला. आठवडी बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला एकच फी, लहान-मोठा भेद नाही. समानता म्हणतात ती हीच, असं साहेब म्हणाले आणि मला ते पटलंही. आराखड्याच्या तक्त्यात शेवटी एक रकाना होता, ‘दुर्बल घटकांवर होणारा परिणाम’. मी वळणदार अक्षरात लिहिलं, निरंक.

काकांनी कागद वाचला, पण सही केली नाही.

“पाहून आला काय?”

फी सगळ्यांना सारखीच आहे, त्यात पाहायचं काय, असं मी म्हणालो.

“फी सारखी हाय रे बाप्पा. टोपलं सारखं हाय काय?”

बाजाराच्या दिवशी त्यांनी मला अंबाडीची भाजी विकणाऱ्या शांताबाईंशेजारी पोत्यावर बसवलं आणि स्वतः खुशाल चहाला निघून गेले. समोर कापडवाल्याचा तंबू होता, अख्खा टेम्पो रिकामा करून मांडलेला. शांताबाई पूर्वी कापूस वेचायला जायच्या. ती मजुरी आटल्यापासून खेड्यावरून भाड्याच्या जीपने टोपली घेऊन यायच्या, आणि त्या ओळीत अशा बऱ्याच जणी होत्या. दुपारपर्यंत माझी कंबर धरली, टोपली अर्धीच रिकामी झाली. नवी फी किती, ते मी त्यांना सांगितलं.

त्या हसल्या. “सकाळची विक्री पावतीले, दुपारची जीपले. मंग माही कोनती?”

माझं वळणदार अक्षर आठवलं आणि लाज वाटली.

आमचं म्हणणं त्या रकान्यात मावेना, म्हणून काकांनी पुरवणी जोडली. साहेब भडकले. निरंक लिहा, नाहीतर टेबल सोडा, असा निरोप आला. काकांनी पुरवणीवर सही केली, कागद कुठे गहाळ होऊ नये म्हणून जावक क्रमांक टाकून घेतला आणि मगच टेबल सोडलं. त्यांना जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर बसवण्यात आलं. पुरवणी मात्र सभेत वाचावीच लागली. टोपलीवाल्यांना फीतून वगळलं गेलं आणि शाबासकी साहेबांनी घेतली. मी चिडलो तर काका म्हणाले, “घेऊ दे. टोपलं जाग्यावर बसलं ना?”

त्या खिडकीवरूनच ते निवृत्त झाले. शेवटचे भेटले ते यवतमाळच्या दवाखान्यात. काकू उशाशी बसल्या होत्या. काही त्रास होतो का, असं मी विचारलं.

“निरंक,” काका म्हणाले आणि डोळे मिचकावले.

त्यांच्याच हाताखाली शिकलेला मी. चादर जरा बाजूला करून पाहिलं. पाय इतके सुजले होते की चपला चढल्याच नसत्या. काकूंनी तोंड फिरवलं. काकांनी दिलेला खोटा निरंक मी तेवढा एकच पाहिला.