गोपनीयवाला यायचा थांबला

गंगाखेडला आमच्या सभेत गोपनीयवाल्यासाठी नेहमी एक खुर्ची असायची. गोपनीयवाला म्हणजे पोलिसांचा साध्या वेशातला माणूस. कोण काय बोललं ते वर कळवायचं, हे त्याचं काम. तो ते लपवत नसे आणि आम्हीही त्याच्यापासून काही लपवत नसू. ऊसतोड मजुरांसाठी भांडणारं आमचं छोटं मंडळ. जे म्हणायचं ते पत्रकात छापून भर बाजारात वाटायचं, ही रीत. मी त्या पत्रकांवरच वाढले. काकांच्या छापखान्यात गठ्ठ्यांवर बसून अक्षरं शिकले. काका म्हणजे वडिलांचे दोस्त आणि मंडळातले थोरले.

"या साहेब, तुमच्याबिगर सुरू कसं करावं?" काका त्याला म्हणायचे.

"पाहुण्याचं नाव नीट सांगा बरं काका. मागच्या टायमाला चुकलं, लय बोलणी खाल्ली म्या."

काका नाव सांगायचे, वर पत्रक आणि चहाही द्यायचे.

मग तो यायचा थांबला. बदली झाली नव्हती. बाजारात दिसायचा, हसायचा. सभेला मात्र नाही. रिकाम्या खुर्चीकडं बघून बोलणं इतकं जड जाईल, असं मला वाटलं नव्हतं.

त्याच दिवसांत मी हेरगिरीवरची पुस्तकं वाचत होते. परभणीच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती मिळाली होती. गुपितांच्या धंद्यावर एवढं छापलेलं असतं, याचंच आधी नवल वाटलं. निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी, पाळतीचा इतिहास. त्यांत बंदुका आणि पाठलाग फार नाहीत. जास्त करून वाट पाहणं आहे. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा मान दुखावलाय, याची शांतपणे केलेली चौकशी आहे. मला संताप यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. लिहिणारा निवृत्त झाल्यावर मोकळेपणी बोलतो, आणि ज्यांच्या मागावर तो आयुष्यभर राहिला ती माणसं पुस्तकात 'एक गट' किंवा 'एक स्रोत' एवढीच उरतात. त्यांना आई नाही, गाव नाही.

एका पुस्तकात असं होतं, की बाहेरून पाहणारा अचानक येईनासा झाला तर त्याला आतला माणूस मिळाला असं समजावं.

आमच्या मंडळाची एक खोड होती. वाचलेलं पटलं की सभेत मोठ्यानं वाचून दाखवायचं. मी ते पान वाचून दाखवलं. त्या दिवसापासून माणसं बोलताना मधेच थांबायला लागली.

"तुला लय माहिती हाय गं त्यांच्यातली," मंडळातली मावशी म्हणाली. ती हसली. बाकी कुणी हसलं नाही.

घरी येऊन मी पुस्तक पुन्हा उघडलं. चांगला खबऱ्या कसा असतो, ते त्यात होतं. तो एकही बैठक चुकवत नाही. कोण काय बोललं ते त्याच्या ध्यानात राहतं. कागद जपून ठेवतो. मंडळात अशी मी एकटीच होते. लिहिणाऱ्याला जे लागतं तेच खबऱ्याला लागतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसत नाही.

मग एक बंद दाराआडची बैठक झाली. आमची तशी पहिलीच. मोबाईल डब्यात घालून बाहेर ठेवले. मंत्र्याच्या कार्यक्रमात अचानक काळे झेंडे दाखवायचं ठरत होतं. मी एकटीच विरोधात बोलले. आपण चोर आहोत का? आधी जाहीर करा, मग दाखवा.

दोन दिवसांनी, भर दुपारी, एसटी स्टँडवर गोपनीयवाला माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"ताई, परवा लय पटण्यासारखं बोललात. सांगूनच करावं माणसानं."

गाडी लागली आणि तो गर्दीत गेला. परवाचं ते बोलणं तर बंद दाराआड झालं होतं.

त्याच संध्याकाळी मी हे सगळ्यांना सांगितलं. लपवणं मला जमणारं नव्हतं.

काकांनी विचारलं, "अजून कुणी ऐकलं का?"

"न्हाई."

"बरं," काका म्हणाले. ज्या माणसानं मला पहिलं अक्षर दाखवलं, तो माझ्याकडं न बघता चष्मा पुसत होता.

पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळी छापखान्यावर गेले, तर कुलूप. मला निरोप नव्हता. पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळानं मोटारसायकल थांबली. तोच होता.

"हितं काय करायलात ताई? आज तर पिठाच्या गिरणीच्या वर हाय न बैठक." माझ्या तोंडाकडं बघून त्याचा आवाज खाली आला. "सांगितलं न्हाई का तुमाला? चला, सोडतो."

मी चालत निघाले. वाटेत सगळं कळत होतं. तिथं गेले, तर पत्ता कुठून मिळाला असं विचारतील. न गेले, तर मंडळ कायमचं सुटेल, आणि खरा खबऱ्या काकांच्या शेजारी बसून राहील.

जिन्यावर पीठ सांडलेलं होतं. त्यात चपलांचे ठसे होते. वर ओळखीचे आवाज येत होते. मी दार वाजवलं तसे ते थांबले.

काकांनी दार उघडलं. त्यांनी विचारायच्या आधीच मी पत्ता कुणी दिला ते सांगितलं, आतल्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. ज्यानं तो पत्ता पोचवला होता, त्यानंही.