मुद्दाम कमी पाडलेले मार्क

प्रफुल्ल मेश्रामने आयुष्यात एकच परीक्षा मुद्दाम वाईट दिली, आणि तीही सलग आठ वर्षं.

माणूस नागपूरचा, मूळचा कबड्डीवाला. अमेरिकेतल्या बॉथेलला सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून आला आणि ऑफिसातल्या एका सामोअन मित्राने त्याला एका रविवारी रग्बी लीगच्या मैदानावर ओढून नेलं. तेरा-तेरा जणांचा खेळ. चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवं करायचं. सहा वेळा आडवे झालात की चेंडू समोरच्यांना. प्रफुल्लला वाटलं, हे तर आपल्याला येतंच! धिप्पाड गड्यांच्या पायांत तो असा घुसायचा की ते दाणकन आपटायचे. फक्त डोक्याला गुडघा लागला तरी माती झटकून उठायचं, ही सवयही त्याने नागपूरहून सोबत आणली होती.

दर सीझनच्या आधी क्लब प्रत्येक खेळाडूची कॉम्प्युटरवर टेस्ट घ्यायचा. शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, पटापट बटण दाबा. पुढे डोक्याला मार लागला की तीच टेस्ट पुन्हा, आणि मार्क घसरले तर खेळ बंद. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधली भोकं शोधणारा माणूस तो, यातली पळवाट पहिल्याच वर्षी हेरली. पहिली टेस्ट रेंगाळत द्यायची, चार शब्द मुद्दाम विसरायचे. मग नंतर डोकं गरगरत असलं तरी मार्क जुळतात. आठ वर्षांत चारदा त्याच्या डोक्याला मार बसला, चारही वेळा मार्क जुळले, आणि पुढच्या रविवारी गडी मैदानात हजर.

गुडघ्याने दगा दिल्यावर तो क्लबच्या मुलींचा कोच झाला. डावपेचांबरोबर ही युक्तीही त्याने शिकवली. मराठी घरातल्या पोरीला कमी मार्क पाडायला शिकवणारा हा बहुधा पहिलाच काका. ती पोरगी म्हणजे शेजारच्या रेणू डोंगरेची सतरा वर्षांची अनया. तिला भारी गंमत वाटली. "काका, आईला कळलं तर ती फेंटच होईल!"

यंदा चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात प्रफुल्ल सूत्रसंचालन करत होता. गाण्यासाठी रेणूला बोलवायचं होतं. दहा वर्षांपासूनची शेजारीण समोर उभी, आणि तिचं नाव काही केल्या आठवेना. शेवटी पहिल्या रांगेतून बायकोने, भावनाने, ते सांगितलं. लोक हसले. भावना हसली नाही.

"डॉक्टरकडे कधी जातोस?" तिने गाडीत विचारलं.

"थकलोय यार, बाकी काही नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने क्लबच्या कॉम्प्युटरवर ती टेस्ट गुपचूप दिली. पहिल्यांदाच मन लावून, अगदी घाम फुटेपर्यंत. आठ वर्षांतल्या त्याच्या सगळ्या खोट्या मार्कांपेक्षा ते खरे मार्क कमी आले. त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि कुणाला काही सांगितलं नाही. स्वतःचं झाकलं ते एक वेळ समजू शकतो. पण पोरींनाही सांगितलं नाही, इथे मात्र त्याचा राग येतो.

जूनमध्ये सेमीफायनलला अनयाच्या डोक्यावर समोरच्या मुलीचा गुडघा बसला. बुधवारी तिची टेस्ट झाली. मार्क जुळले, आणि क्लबच्या फिजिओने तिला शनिवारच्या फायनलसाठी पास केलं.

गुरुवारी प्रॅक्टिसला अनयाने विचारलं, "काका, शनिवारी मॅच किती वाजता?" त्याने सांगितलं. पाच मिनिटांनी तिने तेच पुन्हा विचारलं. तेवढ्यात रेणू तिला न्यायला आली.

"तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे, भाऊ," ती म्हणाली.

तो तडक पार्किंगमध्ये फिजिओच्या गाडीपाशी गेला आणि म्हणाला, "तिचे सीझनआधीचे मार्क खोटे आहेत. मी शिकवलंय."

फिजिओने उघडलेलं गाडीचं दार पुन्हा लावलं. मग म्हणाली, "यानंतर तू इथे कोच राहणार नाहीस, कळतंय ना?"

"कळतंय."

रेणूलाही त्यानेच सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. अनया मात्र भडकली. "बुधवारीसुद्धा मी मुद्दामच स्लो दिली, मार्क मॅच व्हावे म्हणून! आय ॲम फाइन! फुल ट्राय करून दाखवते, मग बघा."

शुक्रवारी दुपारी पुन्हा टेस्ट ठरली. प्रफुल्ल न बोलावता गेला. "तुम्ही बाहेरच थांबा," एवढंच रेणू म्हणाली. तिने भाऊ म्हटलं नाही. तो पॅसेजमध्ये उभा राहिला. आपली गेलेली कोचगिरी त्याला आठवतसुद्धा नव्हती. पोरीला भरपूर मार्क पडू देत, ती खरंच फाइन निघू दे, मग आपल्याला जन्मभर शिव्या घालू दे, एवढंच तो मनात घोकत होता.

वीस मिनिटांनी दार उघडलं. रेणूने लेकीचा दंड घट्ट धरला होता. मार्क बुधवारपेक्षाही तीनने कमी होते. अनयाचा राग कुठच्या कुठे गेला होता. ती प्रफुल्लसमोर येऊन थांबली.

"काका," ती म्हणाली, "या वेळी मी खरंच ट्राय केलं."