फीडमध्ये आलेला नंदाचा वाटा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मालवणात वाढून हे म्हणायला हिंमत लागते, पण खरंच नव्हता. मी प्रोग्रॅमर माणूस... काही बिघडलं की चूक माझीच, हे पक्कं ठाऊक.

२००६ साल. मी पुण्यात होतो. बाबा गावी रापणीवर – किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. दोराला हात लावला की वाटा मिळतो, पोरांनासुद्धा. काय मासळी गावली – बांगडे, पेडवे, जे असेल ते – बाबा रोज संध्याकाळी फोनवर सांगत आणि मी त्यांच्याच शब्दांत दोन ओळींची फाइल माझ्या वेबसाइटवर टाकायचो. मग आळसापोटी एक स्क्रिप्ट लिहिली. ती फोल्डरमधल्या फायली वाचून आपोआप फीड बनवायची, म्हणजे वाचणाऱ्याला साइट न उघडताच नवा मजकूर मिळे. वाचणारी एकच – मस्कतला राहणारी माझी बहीण नंदा. तीन वर्षांपूर्वी तिनं घरी न सांगता लग्न केलं, तेव्हापासून ती आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. दोघं सारखेच हट्टी. मला फार वाईट वाटायचं.

एका रविवारी गावची फोन लाइन बंद पडली. मी काहीच लिहिलं नाही. सोमवारी सकाळी नंदाचा फोन, रडत होती.

"दादा, ह्यां तू लिवलंस?"

तिनं वाचून दाखवलं – "आज पेडवे. नंदाचो वाटो काढून ठेवलंय."

फोल्डर बघितलं. अशी फाइलच नव्हती. पासवर्ड फक्त माझ्याकडे, आणि बाबा तर टीव्हीचा रिमोटही उलटा धरतात.

संध्याकाळी लाइन सुरू झाल्यावर बाबांना विचारलं, "काल काय गावला?"

"पेडवे."

मग नंदाच्या वाट्याचं विचारलं. बाबांनी आवाज खाली केला.

"ल्हान असताना दोर धरी मा ती... तिचो वाटो मी अजून काढतंय. शेजारच्या काकीक देतंय. पण मिया कोणाक सांगूक नाय. तुझ्या आवशीक पण नाय."

आईलाही ठाऊक नसलेलं हे मी नंदाला कळवलं. दुसऱ्या दिवशी बाबांचा आवाज वेगळाच होता.

"नंदाचो फोन इलो."

"काय म्हणाली?"

"म्हणता, मे म्हयन्यात येतंय. तोवर काकीक दी. मगे माझो वाटो माका व्हयो."

ती आली. दरवर्षी येते, दोर धरते. स्क्रिप्ट मी ओळन् ओळ तपासली, काही सापडलं नाही. आता शोधतही नाही... पण त्या स्क्रिप्टमधलं एक अक्षरही बदलायला माझा हात होत नाही.