जगलेल्या दिवसांचा पगार

सुभेदार नानांनी कधी कुणाच्या दाराची कडी वाजवल्याचं मला आठवत नाही. अंगणाच्या कडेला उभं राहून ते खाकरत, घरातल्या कुणाचं तरी नाव घेऊन हाक मारत आणि लगेच मागे सरकत. ऊन असो, चिखल असो, आतून कुणी बाहेर येईपर्यंत तिथेच उभे. "आधी आवाज ओळखू द्यावा," म्हणायचे, "मग माणूस दिसू द्यावा."

एकाहत्तरच्या लढाईनंतर जळगावात सैनिकांच्या घरच्यांची कामं बघणाऱ्या एका लहानशा कचेरीत मला कारकुनाची नोकरी लागली. नाना मूळचे धुळ्याचे. फौजेतून निवृत्त होऊन त्या कचेरीत आलेले. आठवडाभर जळगावात खोली घेऊन राहत आणि शनिवारी एसटीने धुळ्यातल्या देवपूरला घरी जात. लढाईत जे जवान पडले किंवा ज्यांचा पत्ताच लागला नाही, त्यांचा राहिलेला पगार घरच्यांच्या हाती पोचवायचा, हे त्यांचं काम. गावातल्या बायका परक्या पुरुषाशी बोलत नसत, म्हणून साहेब मला त्यांच्याबरोबर पाठवत. निघायच्या दिवशी पिंप्राळ्याच्या आमच्या घरी आई काळजीत असे आणि मी तिला हसून दाखवत असे. खरं म्हणजे माझ्याही घशाखाली घास उतरत नसे.

मला वाटलं होतं, पगार येणार म्हटल्यावर लोक आमची वाट बघत असतील. तसं काही नव्हतं. नानांची ताठ चाल आणि खाकी पिशवी दिसली की गल्लीतली दारं एकेक करून लागत. एका गावात एक म्हातारी आम्हाला पाहून कपाशीत पळत सुटली. आम्ही तिच्याकडे निघालोच नव्हतो, तिच्या पलीकडच्या घरी चाललो होतो. नाना तिच्यामागे गेले नाहीत. बांधावर उभे राहून ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, "माय, तुना पोऱ्या खुशाल शे. आम्ही तुनाकडे उनू नही." ती बाहेर आली तेव्हा तिचे पाय काट्यांनी रक्ताळले होते. तिने नानांना हात जोडले आणि मग शिव्या दिल्या. नानांनी दोन्ही मुकाट घेतली.

"तुम्हाला नाही भीती वाटत?" मी एकदा विचारलं.

"वाटते ना. एसटीतून उतरलो की तोंड कोरडं पडतं," ते म्हणाले. "ज्या दिवशी पडणार नाही, त्या दिवशी हे काम सोडेन. मग माझ्या हातून लोकांना इजा होईल."

पाचोऱ्याच्या बाजूच्या एका गावात कलाबाई राहायची. तिचा नवरा लढाईत बेपत्ता झाला होता. तो दिसेनासा झाला त्या दिवसापर्यंतचा पगार तिला मिळायचा होता. पडवीत पोराला मांडीवर घेऊन तिने नानांचं सगळं बोलणं ऐकलं आणि हात पदराखाली ओढून घेतला.

"मी अंगठा दिधा म्हंजे ते मरी ग्यात ना, नाना?"

तेवढ्यात तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, शेतातून आला. थोराड, लाल डोळ्यांचा माणूस. त्याने आमचं काम विचारून घेतलं, अंगणाचं फाटक लावलं आणि त्याला आडवा लाकडी आडणा घातला. हातात कुऱ्हाड होती.

"अंगठा व्हस नही नि पैसा मना हातमा पडस नही तोपावत कोनी जावाव नही," तो म्हणाला.

भर दुपार होती, पण गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आपण कुठल्या गावी आलोय हे घरी सांगितलंय का, तेवढंच मी आठवायचा प्रयत्न करत होते आणि ते आठवत नव्हतं. कलाबाईने पोराचं तोंड छातीशी दाबून धरलं होतं. नाना मात्र हळूच खाली, सारवलेल्या जमिनीवर बसले. 

"भाऊ, मना हातपाय कापी ऱ्हायनात," ते म्हणाले. "ती कुऱ्हाड बाजूले ठेव, मंग बोलूत. तुले बी कसानं तरी भ्याव शे. कसानं, ते सांग."

जेठ खवळला. आम्हाला वाटेल तसं बोलला. मग बोलता बोलताच त्याचा आवाज फाटला.

"पैसा तिना हातमा पडना की ती माहेरले चालनी जाई," तो म्हणाला. "भाऊ ते गया. त्याना पोऱ्या बी जाई. मंग आमना घरमा काय ऱ्हाई?"

तो उंबऱ्यावर बसला. कुऱ्हाड त्याच्या हातातून आपोआप सुटली.

जेठासमोर कधी न बोलणारी कलाबाई तेव्हा बोलली. पदर पुढे ओढून, भिंतीकडे बघत. "मी कोठे जासू? ते आठेच येतीन ना."

मग नाना तिच्याकडे वळले. तिला म्हणाले, "बहीण, हा मेलेल्या माणसाचा पगार नाही. तो जितके दिवस बंदूक घेऊन उभा होता, तितक्या दिवसांचा आहे. जिवंत माणसाने कमावलेला. तो मेला असं सांगणारा कागद वेगळा असतो. तो आला तर मीच घेऊन येईन, आणि त्या दिवशी तुझ्यापासून काही लपवणार नाही."

तिने त्यांच्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं. मग अंगठा पुढे केला. पैसे तिच्या एकटीच्या नावावर पोस्टात ठेवायचं ठरलं आणि जेठाने साक्षीला सही केली. निघताना आडणा त्यानेच काढला.

एसटीची वाट बघत आम्ही लिंबाखाली बसलो, तेव्हा नाना आपणहून बोलायला लागले. दुसऱ्या महायुद्धात ते मलायात कैद झाले होते. घरी बेपत्ता म्हणून कळलं. वर्षं गेली. बापाने त्यांचा पगार अंगठा देऊन घेतला आणि श्राद्धही घातलं. लढाई संपल्यावर नाना सुटून आले, रात्री घरची कडी वाजवली. आईने दार उघडलं, त्यांना पाहिलं आणि किंचाळून दार लावून घेतलं.

"पहाटेपर्यंत अंगणात बसून होतो," नाना म्हणाले. "उजाडलं, माझी सावली पडलेली दिसली, तेव्हा मला घरात घेतलं. पण आईचे हात त्यानंतर कायम कापायचे. माझ्याकडे बघितलं की जास्तच."

"हे तुम्ही कलाबाईला का नाही सांगितलं? तिला धीर आला असता."

त्यांनी मान हलवली. "माझ्यासारखा एखादाच येतो, पोरी. तिला सांगितलं तर ती जन्मभर दाराकडे बघत राहील. तो यायचा असेल तर मी न सांगता येईल."

तो आला नाही. पुढच्या वर्षी दुसरा कागद आला. नाना शब्दाला जागून तो घेऊन गेले. मीही गेले. ते अंगणात उभे राहिले आणि या वेळी कुणाचंच नाव त्यांच्या तोंडून फुटेना. कलाबाई बाहेर आली, त्यांचा चेहरा बघितला आणि आत जाऊन तिने जेठाच्या मांडीवर पोर दिलं. मग येऊन आमच्यासमोर बसली.

त्यानंतर दहाएक वर्षांनी नाना देवपुरात वारले. छातीत कळ आली आणि संपलं. मी भेटायला गेले तेव्हा कलाबाई आधीच येऊन बसली होती, सोबत जेठ आणि आता चांगला उंच झालेला मुलगा. नानांची बायको, अक्का, आल्यागेल्याला त्यांच्या आठवणी सांगत होत्या. सांगता सांगता त्या रात्रीची गोष्ट निघाली. कैदेतून आलेले नाना, अंगण, सासूने लावून घेतलेलं दार.

कलाबाई ऐकता ऐकता ताठ झाली. मला तिच्याकडे बघवेना. अक्का पाणी आणायला आत गेल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

"ताई, तुमले हाई माहीत व्हतं?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, आता ती उठून जाईल, किंवा आम्ही दोघांनी मिळून तिला फसवलं म्हणेल.

ती मुलाकडे बघत राहिली. तो ओसरीवर जेठाला चपला घालायला मदत करत होता. जेठाला आता वाकता येत नव्हतं.

"बरं करं त्यास्नी, नही सांगं ते," ती म्हणाली. "नहीते दारकडे देखता देखता मी या पोऱ्याकडे कव्हय देखतू?"