रेघ कुणी पुढं सरकवली?

गेवराईच्या बसस्टँडवर मी पत्रकं वाटत होते. मथळा माझाच होता : ‘तुमच्या घरातलं नेट नेमकं कोण वापरतं?’ त्याखाली सगळा राग ओतलेला. तीन महिने फुकट म्हणून दिलेलं ॲप चौथ्या महिन्यापासून गुपचूप पैसे कापतं. फायबरच्या पॅकमध्ये टीव्ही येतो, तरी डिशचं रिचार्ज चालूच राहतं. प्रत्येकाच्या मोबाईलमधला रोजचा डेटा न वापरता संपतो, आणि वर भिंतीवर आणखी एक बॉक्स लुकलुकत असतो. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. पत्रक लिहायचं काम माझ्याकडं, कारण मला थोडक्यात भांडता येतं.

स्टँडसमोरच्या चहावाल्यानं पत्रक घेतलं आणि गिऱ्हाईक उभं ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग मला विचारलं, “ताई, तुमच्या घरी काय काय हाय?”

“फायबर.”

“आन् डिश?”

“ती असेल.”

“असंल म्हंजी? तुमचंच घर न्हवं?” तो हसला आणि माझ्या पत्रकावर दोन भजी ठेवून पुढच्या माणसाला दिली.

भज्यांचं मला काही वाटलं नाही. पत्रकाचं शेवटी तेच होतं. पण प्रश्न एसटीत चकलांब्याच्या पुढच्या आमच्या फाट्यापर्यंत माझ्यासोबत आला. गावाला हिशेब मागणारी मी, आणि माझ्याच घरात काय चालू आहे ते मला माहीत नव्हतं.

त्याला कारण होतं. पावसाळाभर मी गेवराईला खोली करून राहिले होते. दिवाळी झाली, दादा आणि वहिनी टोळीबरोबर ऊसतोडीला गेले, दोन वर्षांच्या लेकीला घेऊन. घरी आई आणि आप्पा दोघंच उरले, म्हणून मी परत राहायला आले होते. फायबर दादानं पावसाळ्यात बसवलं होतं, बाकी सगळे घरी असताना. केबलवाला आमच्या भावकीतला, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती.

घरात आणखी एक गोष्ट चालू होती, ती मला माहीत होती. आई आणि वहिनीचा अबोला. नातीला माझ्याजवळ ठेव, पाचटाच्या कोपीत, फडावरच्या झोपडीत, लेकरू नेऊ नको, असं आईचं म्हणणं. “लेकरू माझं हाय, मी बघीन,” असं म्हणून वहिनी ट्रॅक्टरमध्ये चढली. आई ओसरीतून उठलीसुद्धा नाही. तेव्हापासून दादाचा फोन आप्पांना यायचा, आप्पा स्पीकर लावायचे, आई शेजारी बसून गव्हातले खडे वेचायची. एक शब्द बोलायची नाही.

मी वही काढली आणि आठवडाभर घराची पाहणी करायची ठरवली. कोण काय लावतं, किती वाजता, किती वेळ. आप्पा म्हणाले, “आता आमच्यावर मोर्चा काढती का?” मी त्यांना पहिल्या रकान्यात टाकलं. आप्पा बातम्या बघतात, त्या मोबाईलवर, त्यांच्या स्वतःच्या डेटावर. मी पण माझ्याच डेटावर. डिश कुणीच लावत नाही. रिचार्ज मात्र दर महिन्याला दादाच्या खात्यातून आपोआप जातं. उरली आई. दुपारी भांडी घासून झाली की टीव्हीवरच्या ॲपमध्ये एक मालिका बघायची. एवढीच. तीन माणसांच्या घरातलं एवढं वेगवान फायबर फक्त एका मालिकेच्या निम्म्या भागासाठी!

निम्म्या म्हणते ते खरंच निम्म्या. आई भाग लावायची आणि ऐन भांडणाच्या मधोमध रिमोट दाबून उठायची.

“आई, निम्म्यात कावून बंद केलं?”

“झालं तेवढं.”

मला गंमत वाटली. ॲपमध्ये भागाच्या चित्राखाली लाल रेघ दिसते, कुठवर बघून झालंय ते सांगणारी. आईची रेघ मधोमध थांबायची. दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही लावला, तर रेघ शेवटापर्यंत गेलेली. मधल्या वेळात टीव्हीला कुणी हात लावलेला नव्हता. मीच घरात होते. आई त्या पूर्ण झालेल्या रेघेकडं जरा वेळ बघायची, मग भाग मागं नेऊन राहिलेलं निम्मं बघायची. त्यानंतर नवा भाग, परत निम्मा.

हे काय आहे? मला झोप लागेना इतकी उत्सुकता लागली. पहिला संशय कंपनीवर. बघणं जास्त दाखवायला आपोआप चालवत असतील काय? मी रेघेची नोंद ठेवायला लागले. सोमवारी रेघ शेवटाला. मंगळवारी रेघ थोडी पुढं, मग थांबलेली. बुधवारी जागची हललीच नाही. त्या दिवशी आईनं टीव्ही लावला, बघितलं, बंद केला आणि अंगणात जाऊन उगाच शेळीवर ओरडली. गुरुवारी रेघ एकदम शेवटाला, आणि आईनं आप्पांना न मागता दुसरा चहा दिला. हेही मी वहीत लिहिलंय. पण तेव्हा मला ते एकमेकांना जोडता आलं नाही. मी कंपनीच्या मागं लागले होते.

ॲपच्या आत शोधत शोधत एक यादी सापडली. कुठकुठल्या यंत्रांवर हे खातं चालू आहे त्याची. एक आमचा टीव्ही. दुसरा कुठलातरी मोबाईल, नुसता मॉडेल नंबर. माझा नाही, आप्पांचा नाही, आईचा तर बटणांचा फोन. म्हणजे चोर! आमच्या पैशावर कुणीतरी फुकट बघत होतं. मी दादाला फोन लावला.

“तुझ्या फोनात ते मालिकांचं ॲप हाय का रे?”

“मला कुठला येळ बाई? सकाळपासून फडात हाय मी. ठिव.”

मी ठेवला. त्या यादीखाली एक बटण होतं : सगळीकडून बाहेर काढा. ते दाबलं तेव्हा मला असा आनंद झाला, की मी पत्रकात एक ओळ वाढवली : ‘तुमच्या खात्यावर बसलेल्या आगंतुकांना आजच हाकला.’ मग आमच्या टीव्हीवर नव्यानं ॲप उघडलं. खातं आईच्या नंबरवर होतं, तिच्या फोनवर सहा आकड्यांचा मेसेज आला, तो मी घातला आणि झालं.

त्याच दुपारी केबलवाल्याला गाठलं. तो खांबावर चढलेला होता. खालूनच सुरुवात केली.

“सहा महिने माणसं तोडीला जात्यात, तरी त्या सहा महिन्यांचं बिल कावून?”

“कनेक्शन चालू हाय न्हवं?”

“मग बंद ठेवा गुढीपाडव्यापर्यंत.”

“असं सिस्टिममध्ये न्हाई ताई. एक तर चालू, न्हाई तर कट. तुमच्या गल्लीत निम्म्या घरांना कुलपं हायत, पर आत बॉक्स चालूच हायत. कुणी तक्रार केली न्हाई.”

“तक्रार करणारे फडात हायत!”

“तुमी पत्रक काढाल न्हवं आता?” तो वरून म्हणाला. मी म्हणाले, मथळा तयार आहे. तो खाली उतरला आणि बघतो म्हणाला. मी परत येताना गल्लीतून मुद्दाम सावकाश चालले. खरंच, एका कुलूपबंद घराच्या खिडकीच्या फटीतून हिरवा दिवा लुकलुकताना दिसला. आत कुणी नाही, आणि तो आपला उजेड पाडतोय. मला त्या दिव्याचा इतका राग आला, की मी त्याचा फोटो काढला.

घरी रेघ थांबली. चोर पकडला म्हणून मी खूश होते. पहिल्या दिवशी आईनं बघितलं, बंद केलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिला कळलं नाही. चौथ्या दिवशी ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

“रेघ कावून हलंना?”

मी चमकले. त्या रेघेचा माग फक्त मीच ठेवते, असं मी धरून चालले होते.

“कुणीतरी आपल्या खात्यावर बघत होतं. मी त्याला काढून टाकलं.”

आई खाली बसली. “ती होती,” म्हणाली.

“कोण?”

“कोण म्हंजी? तुझी वहिनी.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. श्रावणात दोघी मिळून ही मालिका बघायच्या, समोर मुगाच्या शेंगा घेऊन. आईच्या फोनवर आलेल्या आकड्यांवर वहिनीनं तेव्हाच आपल्या फोनात ॲप उघडून ठेवलं होतं. मग दोघींचा अबोला झाला, वहिनी गेली, पण आठवडाभरात आईला दिसलं की आपण अर्धवट सोडलेला भाग दुसऱ्या दिवशी पुरा झालेला असतो. मग ती मुद्दामच निम्म्यात थांबायला लागली.

“शेतातनं उशिरा येणाऱ्याला आपण भाकरी-कोरड्यास झाकून ठिवतो का न्हाई? तसं निम्मं तिला ठिवते. दुसऱ्या दिशी बघते, खाल्लं का.” आई पदरानं नाक पुसत म्हणाली. “रेघ पुढं गेली की समजायचं, आज बाईला बूड टेकायला मिळालं. लेकरू बरं हाय. न्हाई हलली की जीव टांगणीला.”

मला बुधवार आठवला, शेळीवरचं ओरडणं आठवलं. सगळं वहीत होतं. तारीखवार नसलं तरी वारासकट.

आणि वहीत काय नव्हतं तेही तेव्हाच दिसलं. पाहणीच्या रकान्यांत वहिनी नव्हती. दादाला मी फोन केला होता, तिला नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात, म्हणजे बाईचा अर्धा. त्यावर मी तीन पत्रकं लिहिली आहेत, भाषणं ठोकली आहेत. माझ्या पत्रकांत ती बाई पहाटे उठते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, आजारपण अंगावर काढते. ती बाई कुठं टेकून मालिका बघते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुकादमानं तिला निम्मं तरी मोजलं. मी पाहणीत घेतलंच नाही, वर आगंतुक म्हणाले.

“लाव फोन तिला,” आई म्हणाली. “सांग, तू केलंस म्हणून. मला नको देऊ.”

संध्याकाळचे पाच वाजले होते. वहिनीनं लगेच उचलला. मागं बैलांच्या घुंगरांचा आणि माणसांचा कालवा. ती कारखान्याच्या आवारात बैलगाड्यांच्या रांगेत होती. वजनाला नंबर लागायला तास-दोन तास जातात, तेवढाच तिचा बसायचा वेळ. मालिकेचा वेळही तोच.

“वहिनी, ॲप बंद पडलं ना तुमचं?”

ती सावकाश म्हणाली, “पडलं न्हाई. पाडलं. मला कळलं की आत्याबाईंनी बंद केलं ते. असू द्या. त्यांचं हाय, त्यांची मर्जी.”

स्पीकर चालू होता. आईच्या चेहऱ्यावरून रंग उतरला. चार दिवसांत वहिनीनं असा अर्थ लावून ठेवला होता, आणि तो अर्थ माझ्या एका बोटानं तयार केला होता.

“मी केलं वहिनी! मला वाटलं कुणी चोर हाय.”

“चोर?” ती म्हणाली. “मी व्हय?” आणि हसायचं की रडायचं हे तिचं ठरेना, हे मला इथवर ऐकू आलं.

परत सुरू करायचं तर तिनं आईचा नंबर टाकायचा, आईच्या फोनवर सहा आकडे येणार, ते लगेच तिला सांगायचे. तिनं टाकला. आईच्या फोनची घंटी वाजली. मी हात पुढं केला, तर आईनं फोन छातीशी धरला.

“मी वाचते, तू सांग.”

आईला आकडे येतात, पण ती एकेक बोट ठेवून वाचते. ती मला सांगणार, मी फोनमध्ये सांगणार, वहिनी तिथं घालणार. पाचव्या आकड्यावर मुदत संपली. परत मागवले. परत संपली. तिसऱ्या वेळी रांगेतला कुणी गडी वहिनीवर ओरडला, “ए बाई, गाडी पुढं घे की!” ती गाडी पुढं घेत घेत फोनमध्ये ओरडली, “आत्याबाई, तिच्या कानात काय सांगताय, मला सांगा की जोरात!”

आई थबकली. मग माझा फोन ओढून तोंडाजवळ धरून अशी ओरडली, की आप्पा गोठ्यातून बाहेर आले. “जोरात काय जोरात! तू बैलाकडं बघू नको, इकडं ध्यान दे! चार! दोन! परत दोन! आठ! शून्य! सात!”

“झालं,” वहिनी म्हणाली.

आईनं माझा फोन परत दिला नाही. मग आईनंच विचारलं, “पोरगी कुठं हाय?”

“मोळीवर बसलीय. ऊस खातीय.”

“थंडीत ऊस? खोकली म्हंजी?”

“तुमचा काढा हाय की संगं. तुमी गाठोड्यात टाकला न्हवता व्हय, मला न सांगता?”

आई माझ्याकडं बघून म्हणाली, “जा बाई, तू चहा ठिव.” मी गेले. चहा दोनदा उकळला तरी बोलणं चालू होतं.

त्या महिन्यात फायबर कट झालं. केबलवाला बॉक्स घेऊन गेला, आणि पाडव्यानंतर परत बसवताना जोडणीचे पैसे घेणार नाही असं कबूल करून गेला. डिशचं आपोआप जाणारं रिचार्ज दादानं बंद केलं. उरलं फक्त ॲप, तेही सगळ्यात स्वस्त, एका वेळी एकाच मोबाईलवर चालणारं. एवढं पुरतं, कारण आई दुपारी बघते, वहिनी संध्याकाळी रांगेत. आई माझा मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून बघते. पत्रकातली ‘आगंतुकांना हाकला’ ही ओळ मी काढली. त्या जागी लिहिलं : ‘बंद करण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. घरात नसलेल्यांनाही.’

आता दोघी रोज फोनवर बोलतात. परवा मालिकेत ऐन लग्न मोडत होतं आणि आईनं बोट दाबून भाग थांबवला. मला राहवलं नाही.

“आता तर बोलता की रोज. मग निम्मं कावून ठिवायचं?”

आईनं मोबाईल माझ्या हातात दिला. “फोनवर ती सगळं बरं हाय म्हणती,” म्हणाली. “रेघ उगं तसं म्हणत न्हाई.”